नगराळे सरांची पोच

नगराळे सरांनी मला दिलेली पहिली वस्तू म्हणजे कपाटाची किल्ली. ती हातावर ठेवण्याआधी त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. ‘कपाट क्रमांक चारची किल्ली मिळाली’ असे त्यावर निळ्या शाईत, रांगोळीच्या ठिपक्यांइतक्या नेमक्या अक्षरांत लिहिलेले होते आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. दिग्रसच्या त्या महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू होऊन मला पुरता तासही झाला नव्हता.

“एवढ्याशा किल्लीची पोच?” मी विचारले.

“मॅडम, लहान वस्तूच आधी हरवते,” ते म्हणाले, आणि सही वाळावी म्हणून कागदावर हलकी फुंकर घातली.

ते भूगोल शिकवत. ठेंगणी, काटक अंगलट. धुऊन धुऊन मऊ पडलेला पांढरा शर्ट. खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीला शाईच्या पॅडचा, जुन्या कागदांचा आणि डब्यातल्या लसणाच्या फोडणीचा मिळून एक वास होता. सर व्हरांड्यातून पुढे गेल्यावरही तो क्षणभर मागे रेंगाळे. वर्गात त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी घडीव असे. वर्गाबाहेर पाऊल पडले, की ती चपला काढून ओसरीवर बसल्यासारखी वऱ्हाडी होई.

पोच घेणे हा त्यांचा छंद आहे, असे आम्ही समजत होतो. तरुणपणी त्यांनी घरासमोरच्या खांबावर दिवा लागावा म्हणून अर्ज केला होता. दिवा लागला तेव्हा त्यांचा थोरला मुलगा शाळेत जाऊ लागला होता. सरांनी आभाराचे पत्र लिहिले आणि त्या पत्राचीही पोच घेतली. ही गोष्ट स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितली जाई, की शेवटी तेच ती सर्वांत चांगली सांगत. मी कविता लिहिते हे कळल्यावर त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले होते, “तुमच्या कवितेले पोच कोण देते, मॅडम? की तशीच पाठवून देता वाऱ्यावर?”

छंदाच्या तळाशी काय आहे, ते मला पुढे एका परीक्षेच्या दुपारी कळले. पंख्याखाली उत्तरपत्रिका फडफडत होत्या, खिडकीतून जिनिंगमधल्या सरकीचा तेलकट, उबदार वास येत होता. सर आपल्या वडिलांविषयी बोलले. वडिलांनी घरासाठी जागा मिळावी म्हणून अर्ज दिला होता आणि तीन वर्षे ते त्या अर्जासाठी पायी हेलपाटे घालत होते. तिसऱ्या वर्षी त्यांना सांगण्यात आले, की असा अर्ज आलेलाच नाही.

“‘नाही’ म्हटलं तर माणूस भांडते,” सर म्हणाले. “‘आलाच नाही’ म्हटल्यावर भांडाव तरी कोणाशी? कागद आत गेला पायजे, मॅडम. आत गेलेला कागद कधी ना कधी बोलते.”

दरवर्षी जानेवारीत ते एक परिषद भरवत. तापत चाललेल्या पृथ्वीचे काय करावे, हे ठरवायला जगातले देश जसे एकत्र बसतात, तशी भूगोलाच्या दालनात आमची मुले बसत. बाके गोलाकार लावली जात. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची. निघेल तो आपला देश. ज्याची त्याची श्रीमंती सरकीत मोजलेली: कुणाच्या कागदी पेल्यात ती शिगोशीग, कुणाच्या तळाशी चार दाणे. मधोमध एक घमेले ठेवलेले असे. तो निधी. पुरात, वादळात, समुद्रात ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांच्यासाठी त्यात कोणी किती टाकायचे, यावर दिवसभर वाद चाले. अध्यक्ष सर स्वतः. हातात कपडे धुण्याची लाकडी मोगरी. ती टेबलावर आपटली, की ठराव मंजूर.

मोगरीचा नियम मात्र कडक होता. एकही देश ‘नाही’ म्हणत असेल, तर ती उचलायची नाही. एकही देश दालनाबाहेर असेल, पाणी प्यायला का गेलेला असेना, तरी उचलायची नाही. “इथे सर्वांत लहान बेटाची आणि सर्वांत मोठ्या देशाची खुर्ची एकाच उंचीची आहे,” ते आपल्या घडीव भाषेत सांगत. त्या वाक्यावर त्यांची श्रद्धा होती. ते उच्चारताना ते किंचित ताठ उभे राहत.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी सर्वांत श्रीमंत देशाची चिठ्ठी अश्विनीने उचलली. दुसऱ्या वर्षाची, हडकुळी, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. फुलसावंगीच्या पलीकडे एका नाल्याकाठी एक्केचाळीस घरांची वस्ती आहे, तिला सगळे खालची वस्ती म्हणतात, अश्विनी तिथली. आदल्या जुलैत नाला वस्तीत शिरला होता आणि तिच्या घराची मागची भिंत, शेळी आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन गेला होता. हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून ती उभी राहिली तेव्हा ती सगळा पेला घमेल्यात रिकामा करील, असे मला वाटले.

बेटाच्या वतीने बोलणाऱ्या मुलाने आपले गाऱ्हाणे मांडले. अश्विनीने ते शांतपणे ऐकले. मग खाली न बघता, एका लयीत ती म्हणाली, “आमच्या देशाला आपल्याविषयी पूर्ण सहानुभूती आहे. मात्र आपले बेट समुद्रामुळेच बुडाले, याचा पुरावा आपण जोडलेला नाही. घर आधीपासून कच्चे होते काय, तेही नमूद नाही. गेल्या वर्षी आपणांस ताडपत्री दिलेली आहे.”

मुले हसली.

“अवं, पण आमी आत्ता बुडून राह्यलो!” बेट ओरडले.

“तो विषय दुसऱ्या विभागाचा आहे. निधी आला, की आपणांस कळवण्यात येईल.”

हसू हळूहळू विरत गेले. एकेक देश उठत होता, आणि ती प्रत्येकाला त्याच थंड, सभ्य आवाजात परतवत होती. दोन गरीब देशांना तिने बाजूला नेले, दोन-दोन दाणे दिले आणि बेटाच्या विरोधात बसवले. शेवटी तिने घमेल्यात तीन दाणे टाकले. त्या तीन दाण्यांची घोषणा सकाळी एकदा केली आणि दुपारी, जणू नव्याने टाकले असावेत तशी, पुन्हा एकदा केली. बेटाचा मुलगा थकून म्हणाला, “बरं, लिहा मंग तीन दाणे.” सर्वांची संमती झाली. नियमाप्रमाणे मोगरी उचलायला हवी होती. सरांनी ती उचलली आणि तशीच हवेत धरून ठेवली.

“हे कुठं शिकली, माय?” त्यांनी विचारले.

“तहसीलच्या खिडकीवर, सर,” अश्विनी म्हणाली. “आमच्या पंचनाम्याच्या येळी.”

इतक्या वर्षांत मी शब्दांना पुष्कळ गोष्टी करताना पाहिले होते. एखाद्या मुलीच्या अंगावर पडलेले शब्द तिच्या तोंडून जसेच्या तसे, धार न बोथटता, दुसऱ्यावर पडताना पाहिले नव्हते. अश्विनी खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. त्या वर्षी मोगरी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सर खालच्या वस्तीवर गेले आणि मग जातच राहिले. वस्तीचे मागणे एकच होते: पुढचा पूर येण्याआधी वर, शाळेजवळच्या गायरानावर जागा आणि घरे बांधायला मदत. सरकारकडे प्रस्ताव गेला होता; पैसा नव्हता. त्या पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागून परत गेले. लोक म्हणाले, की आता पाणी घर पाहून गेले आहे.

जगातल्या देशांनी असा एक निधी खरोखरच मान्य केलेला आहे, हे सरांनी वर्गात शिकवले होते. अश्विनी त्यांना म्हणाली, “मंग आपला अर्ज थेट तेथंच देऊ ना, सर.” मी असते तर हसून सोडून दिले असते. सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार दिला. नागपूरच्या एका संस्थेला जगातल्या देशांच्या त्या खऱ्या परिषदेत निरीक्षक म्हणून बसता येत असे; मुलांच्या परिषदेमुळे त्यांना सर माहीत होते. एक जागा मिळाली. एक्केचाळीस पंचनामे, प्रत्येक घराचा फोटो, वर सरांच्या हातचा इंग्रजी अर्ज. वस्तीतल्या बायांनी ती फाइल आधी प्लॅस्टिकमध्ये आणि मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली.

निघताना कौसाबाई नावाच्या म्हातारीने बजावले, “पोच आणजा, मास्तर. नाहीतं मंग म्हनतीन, आलाच नाई.”

“पोच घेतल्याशिवाय हा माणूस येत नाही,” सर म्हणाले, आणि वस्ती हसली.

परिषदेहून ते परत आले तेव्हा बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि गावभर हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. सर स्टाफरूममध्ये आपल्या खुर्चीवर बसले, डबा उघडला आणि न जेवताच पुन्हा झाकला. पाचव्या दिवशी ते बोलले, तेही तुकड्यातुकड्यांनी, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत.

“तेथं पायाचा आवाजच येत नाही, मॅडम. खाली गालिचा. हजारो माणसं चालून राह्यली आणि आवाज नाही.”

अर्ज कुठे द्यायचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. टेबलामागच्या मुलीने गोड हसून सांगितले, की इथे कागद घेत नाहीत, संकेतस्थळावर टाका. सरांनी कुणाच्या तरी मदतीने टाकले. उत्तर आले: धन्यवाद. “कोणाचं धन्यवाद? नाव नाही, सही नाही, तारीख नाही.”

मग ते मोठ्या दालनात जाऊन बसू लागले. पडद्यावर एक परिच्छेद दिसे. ‘श्रीमंत देशांनी द्यावे’ या वाक्यावर दोन दिवस गेले आणि ते ‘ज्यांना शक्य असेल त्यांनी देण्याचा विचार करावा’ असे होऊन बाहेर पडले. व्यासपीठावर मदतीच्या घोषणा होत, टाळ्या पडत. शेजारी बसलेला एक पत्रकार सरांच्या कानात सांगे, की हे मागच्याच खेपेचे पैसे आहेत, किंवा हे कर्ज आहे, व्याजासकट परत घेतील. तेलावर जगणारे देश तेलाचे नाव परिच्छेदात येऊ देत नव्हते. कोळशावर जगणारे कोळशाचे. “आपल्याकडंबी वणीले कोळसा निघते, मॅडम, तेथल्या माणसाले काय खाऊ घालाव, हेबी खरंच आहे. पन मले वाटलं होतं, बुडणारा माणूस समोर दिसला तं थोडं तरी हलतीन.”

आपल्या देशाच्या बाजूने सल्ला देणाऱ्या कुठल्याशा संस्थेतला एक मराठी तरुण त्यांना भेटला. फाइल पाहून तो दचकला. “सर, ही इथे उघडू नका,” तो म्हणाला. “आपण इथे मागणाऱ्यांच्या रांगेत आहोत. समोरचे म्हणतात, तुम्ही आता मोठे झालात, तुम्हीही द्या. तुमची एक्केचाळीस घरं कोणाच्या भाषणात कोणत्या बाजूने वापरली जातील, सांगता येत नाही. देशाच्या हिताचा प्रश्न आहे.”

“वाईट पोरगा नव्हता,” सर मला म्हणाले. “चहा पाजला त्यानं मले. पन मी आपल्या वस्तीचा कागद घेऊन उभा होतो, आणि त्या कागदानंच देशाचं नुकसान होईन म्हणे. हे मले अजून समजलं नाही.”

एका लहानशा बेटाची प्रतिनिधी रोज त्यांच्यासमोरच्या रांगेत बसे. त्या परिच्छेदाला ती नऊ दिवस ‘नाही’ म्हणत होती, आणि सर मनातल्या मनात तिच्यामागे उभे होते. दहाव्या दिवशी ती गप्प बसली. जेवणाच्या रांगेत त्यांनी तिला कारण विचारले. ती म्हणाली, “ज्यांच्या पैशावर आमचा दवाखाना चालतो, त्यांचा काल आमच्या मंत्र्यांना फोन आला.”

शेवटच्या बैठकीला तिची खुर्ची रिकामी होती. बेटांचे लोक शेजारच्या खोलीत आपसांत बोलत होते. त्यांना निरोप पोहोचायचा होता. अध्यक्षांनी हातोडी उचलली. आणि निरीक्षकांच्या मागच्या बाकावरून नगराळे सर उभे राहिले, आयुष्यात कधी ओरडले नसतील तसे ओरडले, “थांबा! येक जन बाहेर हाय!”

“वऱ्हाडीत ओरडलो, मॅडम. इंग्रजी आठवलंच नाही.”

हातोडी पडली. एका सुरक्षारक्षकाने खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच खाली बसवले. “आणि टाळ्या वाजल्या,” सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.”

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर खालच्या वस्तीवर गेले. विहारासमोरच्या पटांगणात सगळे जमले होते. वेचणीवरून थेट आलेल्या बायांच्या पदरांना कापूस चिकटलेला होता. ओल्या भिंतींचा कुबट वास पावसाळा संपून गेल्यावरही घरांतून बाहेर येत होता. सरांनी काही लपवले नाही. पैसा मिळणार नाही, निदान आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही वाटेने नाही, हे त्यांनी उभे राहून सांगितले.

“पोच?” कौसाबाईने विचारले.

सरांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते, की एक्केचाळीस कुटुंबांच्या नुकसानीची कागदपत्रे मिळाली. खाली तारीख, सही, एका देशाचे नाव.

“कोनं देली?”

“त्या बेटाच्या बाईनं. बैठक उठल्यावर ते बाहेर भिंतीले टेकून खालीच बसली होती, जोडे काढून. मी तिच्याजवळ बसलो, फाइल दाखवली. तिनं सगळे एक्केचाळीस फोटो पाह्यले. मंग सही देली.”

“तिच्या हातात हाय का काही?”

“काहीच नाही. तिचाच देश बुडून राह्यला.”

कौसाबाईने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “म्हंजे रांगेतल्याच बाईनं सही देली म्हना की.”

कुणीतरी फिस्सकन हसले, आणि मग सगळी वस्ती हसू लागली. बाया पदर तोंडात कोंबून, माणसे गुडघ्यांवर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. अश्विनी हसत नव्हती. तिने विचारले, “आणि सर, तिचा पंचनामा कोनं केला?”

सरांनी कौसाबाईच्या हातातला कागद घेतला आणि त्यावरची सही पुन्हा एकदा वाचली. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि नजर वळवली. एखाद्याला उघडे पाहून वळवावी, तशी.

एप्रिलअखेर ते निवृत्त झाले. निरोपाची शाल त्यांनी घेतली. शालीची पोच कार्यालयाने मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही. स्टाफरूममध्ये यावरून एक विनोद झाला, पण तो कुणी पुढे नेला नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते मे महिन्यात. अश्विनीने फोनवर एवढेच सांगितले होते, “मॅडम, या. सर आमच्याकडं हायेत.” फुलसावंगीला उतरून मी ऑटोने गेले. हवा तव्यावरून उठावी तशी जमिनीवरून थरथरत उठत होती. खालच्या वस्तीत पोहोचले, तर अर्ध्या घरांवर पत्रे नव्हते. दारे चौकटींतून निघाली होती. वर, शाळेमागच्या गायरानावर माणसांची रांग चढत होती. कुणाच्या डोक्यावर पत्रा, कुणाच्या खांद्यावर छपराची लाकडी आडी, एका बाईच्या कडेला मूल आणि दुसऱ्या हातात चुलीची लोखंडी जाळी. उन्हात पत्र्यांचा खणखणाट दूरवर जात होता.

सर तिथे होते. डोक्याला गमछा, हातात मोजमापाची फीत. एकेका घराची जागा मोजून ते चुन्याने रेघ ओढत होते. चुना त्यांच्या शर्टावर, भुवयांवर, ओठांवर बसला होता. मी जवळ जाऊन विचारले, “सर, मंजुरी आली?”

“नाही,” ते म्हणाले.

“अर्ज?”

“केलाच नाही या खेपेला.”

एका किल्लीसाठी सही घेणारा हा माणूस कुणालाही न विचारता सरकारी गायरानावर एक्केचाळीस घरांच्या रेघा मारत होता.

इतक्यात तलाठी मोटारसायकलवरून आला. तरुण होता, सरांचा विद्यार्थी. गाडी उभी करून तो दोन पावले चालला आणि थबकला. पत्रे, रेघा, माणसे यांवरून त्याची नजर फिरत फिरत सरांवर आली. “सर?” तो म्हणाला. “तुमीबी?” त्याच्या आवाजात राग नव्हता. देवळात कुणी जोडे घालून शिरताना दिसावे, तसा तो नुसता बघत राहिला.

पत्रे वाहणारी माणसे जागच्या जागी थांबली. अश्विनी चुन्याची पाटी घेऊन सरांच्या बाजूला येऊन उभी राहिली. सरांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, त्यामुळे तिथे पांढरा पट्टा उमटला. मग फितीचे मोकळे टोक त्यांनी तलाठ्यापुढे केले.

“कौसाबाईचं घर राह्यलं,” ते म्हणाले. “जरा तिकडून धर, बावा. वाकडी रेघ पडून राह्यली.”

तलाठ्याने आधी त्या टोकाकडे आणि मग सरांच्या चुनाभरल्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि वर्गात सरांनी खडू मागितल्यावर द्यावा तसा, काय करतो आहे हे पुरते कळण्याआधीच, त्याने हात पुढे केला.